जाळरेषेची नोंदवही

माझे वडील गडचिरोलीच्या जंगलात वनमजूर आहेत. उन्हाळ्यापूर्वी ते जाळरेषा काढतात. म्हणजे एका पट्ट्यातील गवत व पालापाचोळा जाळून टाकतात, म्हणजे वणवा तेथे अडतो. घरच्या इंटरनेटची फायरवॉल ही अशीच जाळरेषा होय. परंतु जाळरेषेवर फेरी मारावी लागते, तसा फायरवॉलचा लॉग, म्हणजे नोंदवही, वाचावी लागते.

वीज गेली की राउटरमधील नोंदी बहुधा पुसल्या जातात. म्हणून मी ‘सिसलॉग’ सुरू करून त्या ५१४ क्रमांकाच्या पोर्टवर जुन्या संगणकाकडे पाठविल्या. राउटरचे घड्याळही लावले. वेळ चुकली तर नोंद व्यर्थ.

पहिल्याच रात्री बाहेरून शेकडो थापा! पुष्कळशा २३ क्रमांकाच्या दारावर. २०१६ साली ‘मिराई’ने कारखान्याचेच पासवर्ड राहिलेले कॅमेरे व राउटर असेच ताब्यात घेतले होते. मी घाबरलो. वडील म्हणाले, “वनवा बाहेरूनच येते का, बाबू? मोहफुलं वेचाले झाडाखालचा पाला आपूनच पेटवतो ना!”

मग आतून बाहेर जाणाऱ्या नोंदी सुरू केल्या. त्या बहुधा बंदच असतात. पाहतो तो आमच्या गोठ्यावरील कॅमेराच रात्रभर परक्यांची दारे ठोठावीत होता! मोबाईलवर गोठा दिसावा म्हणून त्याचे दार मीच उघडे ठेवले होते. इंटरनेट तोडून कॅमेरा बंद-चालू केला, पासवर्ड बदलला, दार लावले. थापा थांबल्या.

अडलेली थाप ही भीती नव्हे. न वाचलेली नोंद ही खरी भीती.