हुंडणावळ म्हणजे काय ?

“आमच्या वैतरणेच्या खोऱ्यांतील भात मुंबईपलीकडे जात नाहीं, मग परदेशी नाण्याच्या भावाशीं आम्हांस काय कर्तव्य?” असा प्रश्न कित्येक शेतकरी बंधु करितात. त्याचें उत्तर देण्याचें येथें योजिलें आहे.

एका देशाचें नाणें सहसा दुसऱ्या देशांत चालत नाहीं. म्हणून परदेशीं माल विकणारास तेथील नाणें मोडून रुपये घ्यावे लागतात, व तेथील माल घेणारास रुपये देऊन तें नाणें विकत घ्यावें लागतें. ही देवघेव पूर्वीं हुंड्यांनीं होई, हल्लीं बँकांमार्फत होते. एका नाण्याबद्दल दुसरें किती मिळावें, या दरास हुंडणावळ म्हणतात.

इ. स. १९२६ सालीं हिल्टन यंग कमिशननें रुपयाचा दर १८ पेन्स असावा अशी शिफारस केली. सर पुरुषोत्तमदास ठाकुरदास यांनीं मतभेद नोंदवून १६ पेन्सांचा दर मागितला. परंतु १९२७ च्या कायद्यानें १८ पेन्सच कायम झाले. आतां हिशेब करूं. पौंडाचे पेन्स २४०. सोळांच्या दरानें पौंडास १५ रुपये येतात, अठरांच्या दरानें १३ रुपये ५ आणे ४ पै. विलायतेस गेलेला कापूस तोच, तेथील भावही तोच. तथापि पौंडामागें १ रुपया १० आणे ८ पै कमी. देशांतील भाव १८ पेन्सांस आधींच जुळले आहेत, असें सरकारपक्षाचें म्हणणें होतें. परंतु शेतसारा व सावकाराचें देणें रुपयांत ठरलेलें ! जें देणें आठ मण कापसांत फिटावें, त्यास नऊ मण लागणार, हें त्या वादाचें मर्म होय.

याच्या उलट, ६ जून १९६६ रोजीं रुपयाचें अवमूल्यन होऊन डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून ७ रुपये ५० पैशांस गेला. यांत निर्यात करणारास अधिक रुपये मिळतात. पण परदेशी माल घेणारास तितकेच अधिक मोजावे लागतात.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. आपलें भात परदेशीं जात नसेल. पण त्यास घालावयाचें पोटॅश परदेशांतून येतें, आणि ज्यापासून पंपाचें डीझेल निघतें तें खनिज तेलही बहुतांशीं बाहेरचेंच. रुपया उतरला कीं यांची खरेदी महागते. सरकारी अनुदानामुळें तो बोजा गोणीवर लागलाच दिसत नाहीं, इतकेंच. भाताचा भाव मात्र त्या मानानें चढेलच असें नाहीं.

यासाठीं ‘रुपया घसरला’ ही बातमी वाचतांना प्रत्येकानें दोन गोष्टी पाहाव्या : आपण विकतों त्यांतील किती बाहेर जातें, व विकत घेतों त्यांतील किती बाहेरून येतें. केवळ भात पिकविणाराचें दुसरेंच पारडें जड असतें.