धर्मशिक्षणाचा तास : दाखवा, करून घ्या, करू द्या



वर्गात सर्वांबरोबर पश्चात्तापाची प्रार्थना मोठ्याने म्हणणारे मूल पहिल्या पापनिवेदनाच्या वेळी फादरांसमोर गुडघे टेकताच गप्प होते. असे पुष्कळदा घडते. दोष मुलाचा नसतो. ती प्रार्थना त्याने एकट्याने कधी म्हटलेलीच नसते. इतरांच्या आवाजात त्याचा आवाज मिसळून गेलेला असतो.

प्रभू येशूने कसे शिकविले ते योहानाच्या शुभवर्तमानात (अध्याय 13) पाहा. आधी त्याने स्वतः शिष्यांचे पाय धुतले. मग आपण काय केले ते त्यांना समजले का, असे विचारले. त्यानंतर तुम्हीही एकमेकांसाठी असेच करा, असे सांगितले. करून दाखविणे, समजले का ते पाहणे, मग करायला लावणे, हाच तो क्रम.

शिक्षणशास्त्रात याला प्रत्यक्ष अध्यापन म्हणतात. अमेरिकेत सिगफ्रिड एंगेलमन यांनी 1960 च्या दशकात गरीब घरांतील मुलांसाठी या पद्धतीचे पाठ तयार केले. तेथे अनेक शिक्षणपद्धतींची मोठी तुलना झाली. 1977 मध्ये तिचे निष्कर्ष आले, तेव्हा वाचन-गणितासारख्या मूलभूत कौशल्यांत ही पद्धत आघाडीवर होती. आपल्याकडे 'ख्रिस्तपुराण' (1616) लिहिणारे फादर थॉमस स्टीफन्स यांनी कोकणीत प्रश्नोत्तररूपी धर्मशिक्षणाचे पुस्तकही रचले. ते त्यांच्या मृत्यूनंतर 1622 मध्ये रायतूर येथे छापले गेले. एका वेळी एक प्रश्न आणि लोकांच्या बोलीत नेमके उत्तर, ही वाट आपल्याला नवी नाही.

आता 45 मिनिटांचा एक पाठ आखून पाहू.

हेतू : तासाच्या शेवटी प्रत्येक मूल पापनिवेदनाच्या पाच पायऱ्या क्रमाने, स्वतःच्या शब्दांत सांगेल. एका रविवारी एवढेच.

1. उजळणी (5 मिनिटे) : मागील पाठावर तीन-चार प्रश्न विचारावेत.

2. सांगणे व दाखविणे (12 मिनिटे) : विवेकबुद्धीची तपासणी, पश्चात्ताप, पुन्हा पाप न करण्याचा निश्चय, पापांची कबुली आणि प्रायश्चित्त या पाच पायऱ्या फळ्यावर लिहाव्यात. भावाची पेन्सिल लपवून खोटे बोललेल्या मुलाची गोष्ट सांगावी आणि तो प्रत्येक पायरीवर काय करील ते दाखवावे. मुलांना स्वतःची पापे वर्गात कधीही विचारू नयेत. इंग्रजी माध्यमात शिकणाऱ्या मुलाला 'पश्चात्ताप' हा शब्द अडतो. 'चुकीबद्दल मनापासून वाईट वाटणे' असा अर्थ लगेच सांगावा.

3. बरोबरीने करणे (15 मिनिटे) : दुसरी गोष्ट घेऊन मुलांकडून पायऱ्या वदवून घ्याव्यात. आधी सर्वांनी मिळून, मग दोघादोघांनी. चूक झाली तर न रागावता बरोबर उत्तर सांगावे, मुलाकडून म्हणवून घ्यावे आणि थोड्या वेळाने त्यालाच पुन्हा विचारावे.

4. एकट्याने करणे (10 मिनिटे) : फळा पुसावा. प्रत्येक मुलाने पाच पायऱ्या वहीत लिहाव्यात. शिक्षकाने वर्गात फिरून वह्या पाहाव्यात. मागच्या बाकावरच्या अबोल मुलाजवळ आधी जावे.

5. समारोप (3 मिनिटे) : घरी कोणाला काय सांगायचे ते ठरवावे आणि लहानशी प्रार्थना करावी.

बऱ्याच मुलांना जमले नाही तर पुढच्या रविवारी तोच पाठ नव्या गोष्टीसह पुन्हा घ्यावा. पुस्तक संपविण्याची घाई नको. एक पायरी कच्ची राहिली की पुढचा पाठ तिच्यावर उभा राहत नाही.

"पाठांतराने श्रद्धा येते का?" असे कोणी विचारील. श्रद्धा आणि खरा पश्चात्ताप ही देवाची देणगी आहे, ती फळ्यावर लिहून देता येत नाही. पण शब्द आणि क्रम पक्के झाले की मुलाची भीती जाते. मग त्याचे लक्ष आपण विसरू की काय याकडे न राहता, क्षमा करणाऱ्या पित्याकडे जाते.

चिखलोलीतील आपल्या पालकांना एक विनंती. आज घरी गेल्यावर मुलाला "काय शिकलास?" एवढेच विचारून थांबू नका. "मला शिकव," असे म्हणा आणि शांतपणे ऐका.

गुरुजनांचा गुरू प्रभू येशू आपल्या शिक्षकांना धीर आणि मुलांना समज देवो. आमेन.