बूड दुखेल, पण पोहोचशील

दुखेल गं. बूड, मनगटं, मान, सगळं दुखेल. मनालीहून लेहला बाइकने जायचं म्हणजे हे आलंच. दगडगोट्यांचा पट्टा आला की सीटवर रुतून बसू नकोस. फूटरेस्टवर जरा उभी राहा, गुडघ्यांनी टाकी धर आणि हँडल आवळू नकोस. गाडी खाली नाचते ती नाचू दे. तासाभराने उतरून चार पावलं चालायचं, मागचे हॉर्न वाजवत बसले तरी.

पण खरं सांगू का, तिथे माणूस रस्त्याने नाही, उंचीने आडवा होतो. मनाली दोन हजार मीटरवर, बारालाचा ला 4,890 च्या आसपास आणि तंगलंग ला 5,300 च्याही वर. 2020 साली अटल बोगदा सुरू झाल्यापासून रोहतांग न चढता तू नऊ किलोमीटर बोगद्यातून थेट लाहौलमध्ये उतरतेस. मग वाटतं, वेळ वाचलाय, मारू मजल सरचूपर्यंत! तिथेच फसतात लोक. सरचू चार हजारांच्या वर आहे, रात्रभर डोकं धरून बसावं लागतं. तू केलाँगला नाहीतर जिस्पाला दोन रात्री झोप, मगच वर चढ. सुट्टी जास्त मिळाली असती तर मी तुला श्रीनगर-कारगिलकडूनच चढायला लावलं असतं, तो चढ दमादमाने येतो.

आता जे तू फोनवर विचारायला लाजलीस ते. वाटेत संडास मिळेल का? ढाब्यांच्या तंबूंपाशी कधी मिळेल, मधल्या मैलोन्मैल झाडसुद्धा नाही. म्हणून आपण बायका काय करतो, तर पाणीच पीत नाही. बघ, हा शहाणपणा तिथे अंगाशी येतो. कोरड्या हवेत घाम कळतही नाही, पाणी कमी पडलं की डोकं ठणकायला लागतं, आणि ते पाण्यामुळे की उंचीमुळे हे कुणालाच सांगता येत नाही. घोट घोट पीत राहा. मोठी ओढणी हाताशी ठेव, मोठा दगड बघ, मैत्रिणीला पहाऱ्यावर उभं कर. उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची तर डॉक्टरांना विचारूनच, सल्फाची अ‍ॅलर्जी असेल तर तेही सांग. त्या गोळीने लघवीला जास्त होतं आणि बोटांना मुंग्या येतात, तेव्हा घाबरू नकोस. पाळी पुढे ढकलायची गोळीही शेजारणीच्या सल्ल्याने नको हं. पॅड कागदात गुंडाळून परत आणायचे, तिथे टाकायचे नाहीत.

नाले सकाळी ओलांड. दुपारी उन्हाने बर्फ वितळतं आणि सकाळचं घोट्याएवढं पाणी गुडघ्यापर्यंत येतं. आधी दुसऱ्याची गाडी जाऊ दे, ती कुठून गेली ते बघ. मग पहिला गिअर, एकसारखा थ्रॉटल, आणि मध्ये थांबायचं नाही. पडलीस तर पडलीस, चार जण धावतात. गाटा लूप्सची एकवीस वळणं मात्र ऐकायलाच भीतीदायक, आपला पसरणी घाट चालवणारीला ती जमतात.

सामान कमी ने गं. मी पहिल्या वेळी इस्त्रीची कुर्ती नेली होती, हस खुशाल. त्या जागी लोकरी मोज्यांचा जादा जोड, क्लचची वायर, पंक्चरचं किट आणि शेंगदाण्याची चिक्की घाल.

डोकं दुखून उलट्या व्हायला लागल्या किंवा चालताना तोल गेला तर ग्रुप काय म्हणेल हा विचार नको, तडक खाली उतरायचं. एकटीने नाही, कुणालातरी सोबत घेऊन, आणि शक्यतो दुसऱ्याच्या गाडीतून.

टांडीच्या पंपावर टाकी काठोकाठ भर, जादा कॅनही घे. ‘पुढचा पंप 365 किलोमीटरवर’ ही तिथली पाटी उगाच प्रसिद्ध झाली नव्हती. आणि केलाँगहून मला फोन कर, पुढे रेंजचा भरवसा नाही.