पाण्यातील वनस्पतीची निगा : कोकणातील क्रिप्टोकोरिन

काचेच्या टाकीतील माशांकडे सर्वांचे लक्ष जाते. तेथील वनस्पतीकडे मात्र निव्वळ सजावट म्हणून पाहिले जाते. तिची पाने सडू लागली की ती मेली असे समजून तिला फेकून दिले जाते. हा समज पुष्कळदा चुकीचा असतो. कोकणातील नद्या-ओढ्यांत वाढणाऱ्या ‘क्रिप्टोकोरिन रेट्रोस्पायरालिस’ या वनस्पतीच्या उदाहरणाने तो तपासून पाहू.

ओळख

अळू, सुरण आणि पावसाच्या तोंडावर बाजारात येणारे शेवळ यांच्याच कुळातील ही वनस्पती आहे. तिची पाने लांब, अरुंद व फितीसारखी असतात. ‘लपलेला’ आणि ‘सोटा’ अशा अर्थांच्या दोन ग्रीक शब्दांवरून ‘क्रिप्टोकोरिन’ हे नाव पडले. शेवळाचा दांडा आपल्याला बाहेरून दिसतो. येथे तो एका नळीत पूर्णपणे झाकलेला असतो.

सावर्ड्याच्या परिसरातील वहाळ पावसाळ्यात दुथडी भरून वाहतात आणि उन्हाळ्यात त्यांतीलच खडक व वाळू उघडी पडते. अशा बदलत्या पात्रात जगण्याची या वनस्पतीला सवय असते. पुराच्या दिवसांत ती पाण्याखाली राहते. पाणी ओसरल्यावर तिला फुले येतात. पाने येतात आणि जातात. तग धरून राहते ते वाळूतील खोड व मुळे. तिच्या निगेचे सारे नियम यातूनच निघतात.

लागवड

४५ सेंमी लांब, ३० सेंमी रुंद व ३० सेंमी उंच टाकीत सुमारे ४० लिटर पाणी मावते. आरंभासाठी ती पुरेशी आहे. तळाशी स्वच्छ धुतलेल्या जाड वाळूचा ५ ते ७ सेंमी थर द्यावा. ही वनस्पती अन्नद्रव्ये मुख्यतः मुळांवाटे घेते. म्हणून वाळूखाली थोडी चाळलेली चिकणमाती घालावी. मुळे वाळूत पुरावीत, परंतु पाने जेथून फुटतात तो कोंब वर ठेवावा. तो गाडला गेल्यास कुजतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असल्यास ते पाणी एक दिवस उघड्या भांड्यात ठेवून मग वापरावे.

निगा

दिवसाकाठी सुमारे ८ तास प्रकाश पुरतो. टाकी थेट उन्हात ठेवल्यास शेवाळ माजते व पाणी तापते. आठवड्यातून एकदा चौथा हिस्सा पाणी बदलावे. सर्व पाणी एकदम बदलू नये. प्रकाशात वनस्पती प्राणवायू सोडते, पण रात्री तीही श्वसनासाठी तो घेते. म्हणून लहान टाकीत माशांची गर्दी करू नये. पहाटे मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करू लागले, तर प्राणवायू कमी पडल्याची ती खूण समजावी.

जागा, पाणी किंवा प्रकाश अचानक बदलला की या वनस्पतीची पाने काही दिवसांत विरघळल्यासारखी गळून जातात. येथेच खरी परीक्षा असते. सडलेली पाने कात्रीने कापून काढावीत, पण मुळे उपटू नयेत. खोड घट्ट असेल तर बहुधा काही आठवड्यांत नवी पाने फुटतात. रोज उपटून पाहणाऱ्याच्या हातून मात्र ती खरोखरच मरते. पुढे आडव्या खोडावर नवी रोपे येतात. त्यांना मुळे फुटल्यावर ती वेगळी करावीत.

आपली जबाबदारी

टाकीसाठी वहाळातील रोपे उपटून आणू नयेत. याच प्रजातीतील ‘क्रिप्टोकोरिन कॉग्नाटा’सारखी जात पश्चिम घाट व कोकणच्या मर्यादित पट्ट्यातच आढळते, लहान रोपावरून जात ओळखणे जाणकारांनाही सोपे नसते. रोप रोपवाटिकेतून किंवा दुसऱ्याच्या टाकीतून घ्यावे. तसेच टाकीतील छाटणी ओढ्यात टाकू नये. दक्षिण अमेरिकेतून आलेली जलपर्णी शोभेची वनस्पती म्हणून देशोदेशी नेली गेली आणि आज तिने आपल्या कितीतरी नद्या-तळी व्यापली आहेत. छाटणी उन्हात वाळवून खतात घालावी.

निरीक्षणासाठी

१. रोप लावल्यापासून दर रविवारी पानांची संख्या वहीत नोंदवा.
२. जुनी पाने किती दिवसांत गळाली व पहिले नवे पान कधी आले, ते लिहा.
३. उन्हाळ्यात जवळच्या वहाळाच्या काठी जाऊन वाळूत कोणत्या वनस्पती टिकून आहेत ते पाहा. त्यांची चित्रे काढा, रोपे मात्र तेथेच राहू द्या.