रुग्ण दूर, मीही दूर

१. ज्यांच्याविषयी मी रोज लिहिते, त्यांतल्या एकालाही मी पाहिलेलं नाही. तिरुवैयारूजवळच्या गावात बसून मी नव्या औषधांचे क्लिनिकल स्टडी रिपोर्ट लिहिते: औषध कुणाला दिलं, कुणाला गुण आला, कुणाला बाधलं. ते वाचून सरकारी औषध नियामक मंजुरीचा निर्णय घेतात. शेजारच्या पाट्टींनी (आजींनी) एकदा विचारलं, "त्या आजारी माणसांना तू भेटतेस का?" त्या प्रश्नाने मला जेवढं जागं केलं, तेवढं कुठल्याच प्रशिक्षणाने केलं नाही.

२. न पाहिलेल्या माणसाबद्दल खरं लिहायला शिस्त लागते. रिपोर्टचा साचा आयसीएच या औषधनियमांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या ई-३ मार्गदर्शिकेने १९९५ मध्ये घालून दिला. अभ्यासादरम्यान कुणी दगावलं किंवा कुणाला गंभीर त्रास झाला, तर त्याची हकिकत स्वतंत्र लिहायची. वय, जुने आजार, सोबतची औषधं, त्रास कधी सुरू झाला, औषध थांबवलं का, पुढे काय झालं. नाव नसतं, फक्त क्रमांक. तरीही पूर्ण रिपोर्टात माणूस सगळ्यात जवळून दिसतो तो इथेच. तक्त्यात तो एक आकडा असतो. हकिकतीत त्याला आधीपासून मधुमेह असतो, मध्येच ताप येतो, घरचे त्याला दवाखान्यात नेतात. ही पानं मी सकाळी, डोकं ताजं असताना लिहिते.

३. या कामाची एक जुनी वाट तंजावरातूनच जाते, हे मला लग्नानंतर पुण्याहून इथे आल्यावर कळलं. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांनी धन्वंतरी महालात वेगवेगळ्या पद्धतींचे वैद्य एकत्र आणले. नेत्ररुग्णांची टिपणं ठेवली, आजारी डोळ्यांची चित्रं काढून घेतली. राजवाड्यातल्या त्या खटाटोपाचं मला फार अप्रूप वाटतं. औषधाचं नाव लिहून भागलं असतं; पण कुणाचा डोळा, कसा होता, हेही कागदावर राहावं असं त्यांना वाटलं.

४. आपण कालव्याच्या शेवटच्या टोकाला आहोत, हे मान्य केल्यावर कामाच्या रात्रीच्या कॉलचा त्रास कमी झाला. मेट्टूर धरणाचं पाणी १२ जूनला सोडण्याचा इथे प्रघात आहे, कुरुवै भाताची लावणी त्यावर अवलंबून. वर पाणी अडलं की टोकाच्या गावांची ओढाताण होते. माझ्या कामातही तसंच: डेटाबेस लॉक, म्हणजे चाचणीची माहिती अंतिम करून बंद करणं, लांबतो; नियामकाकडे रिपोर्ट देण्याची तारीख मात्र हलत नाही. तरी घाईत हकिकत आखडती घ्यायची नाही, एवढं मी पाळते.

५. चाचणीत भाग घेणाऱ्याला निकाल कळायलाच हवा. युरोपीय संघाच्या ५३६/२०१४ या नियमानुसार चाचणी संपल्यावर साधारण वर्षभरात सामान्य माणसाला समजेल असा सारांश द्यावा लागतो. तो लिहिणं मला सर्वांत अवघड जातं आणि सर्वांत आवडतं. ज्याने स्वतःच्या शरीरावर औषध घेऊन पाहिलं, त्याला तो सारांश तमिळमध्ये, मराठीत, त्याच्या घरच्या बोलीत वाचायला मिळावा. असे सारांश लिहायला मी केव्हाही तयार आहे.