फाइल कुणाची?

18 ऑगस्ट 2025 ला कोल्हापुरात उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आणि इथल्या वकिलांत भागीदारीचा हंगामच आला. इकडचा दिवाणीवाला, मुंबईहून परतलेला हायकोर्टवाला, जो तो जोडी जमवतोय. अशीच दोन पोरं परवा मसुदा घेऊन माझ्याकडे आली. दुसऱ्याच पानावर कलम होतं : ‘प्रकरण आणणाऱ्या भागीदारास फीच्या 50 टक्के.’ ते वाचून पोटात गोळा आला. सात वर्षांपूर्वी हाच आकडा मी माझ्या हातानं लिहिला होता.

आम्ही तिघं होतो. दादा वयानं मोठे, फौजदारीत नाव कमावलेले. मी जमीनजुमल्याचा. आणि मॅडम, ड्राफ्टिंग, बँकेची वसुली, कमर्शियल दावे त्यांच्याकडे. 2012 साली भागीदारी केली. लोकांच्या करारपत्रांची फी घेणाऱ्या आम्ही आमचं भागीदारीपत्र मात्र एका गूळ अडत्याच्या पत्रावरून उतरवून काढलं. त्यात ‘मालाचा साठा’ हे शब्द तसेच राहिले होते, ते पुढे सीएनं दाखवले. नफा समान वाटायचा, एवढंच काय ते ठरलेलं. तेही लिहिलं नसतं तरी चाललं असतं, कारण वेगळा करार नसेल तर 1932 च्या भागीदारी कायद्याचं कलम 13 समानच वाटा देतं, आणि कामाचा वेगळा मेहनतानाही देत नाही.

पहिली काही वर्षं कुणाला खटकलं नाही. वाटायला होतंच काय! पैसा दिसायला लागला तशी कुरबुर सुरू झाली. दादा बारच्या निवडणुकीत गुंतलेले, मॅडम रात्री नऊपर्यंत कैफियती लिहीत बसलेल्या, मी तालुके पालथे घालून पक्षकार आणणारा, आणि वाटा तिघांना सारखा. कुरबुर करण्यात मीच पुढे होतो.

बोस्टनच्या हेल अँड डॉर फर्ममधल्या रेजिनाल्ड हेबर स्मिथ यांच्या पद्धतीबद्दल मी तेव्हा कुठंतरी वाचलं होतं. काम आणणारा, पक्षकार सांभाळणारा आणि प्रत्यक्ष राबणारा, अशा तिघांचं मोल तिथं वेगवेगळं धरायचे. मी त्यातलं सोयीचं तेवढं उचललं. 2018 मध्ये आमचा तक्ता ठरला : आणणाऱ्याला 50, करणाऱ्याला 30, उरलेले 20 तिघांत समान. सांभाळणारा मधल्या मधे गळाला. दादा म्हणाले, “बघा बाबा, तुम्ही शिकलेली माणसं.” मॅडम काही बोलल्या नाहीत. ते न बोलणं मी होकार समजलो.

क्लार्ककाकांनी फाइलींच्या पुठ्ठ्यांवर टिकल्या चिकटवल्या. दादांची लाल, माझी निळी, मॅडमची हिरवी. महिन्याभरात ऑफिसचा रंग बदलला. दारात चप्पल वाजली की दोन खुर्च्या एकदम सरकायच्या. एका बँकेच्या वसुलीच्या फाइलींवर तर लाल टिकली खरवडून निळी लावलेली आणि त्यावर परत लाल, असा प्रकार होता. मॅनेजर दादांचा वर्गमित्र, पहिली गाठ माझ्या ओळखीनं पडलेली, आणि तो फोन करायचा मॅडमना. मग ती फाइल कुणाची? खरं तर मॅडमची. पण तसा रकानाच नव्हता.

ज्युनिअर पोरांना उलटतपास शिकवायलाही रकाना नव्हता. हळूहळू ते शिकवणं बंद पडलं. कुणी ठरवून बंद केलं नाही.

आता माझी चूक सांगतो. 2019 मध्ये इचलकरंजीच्या एका यंत्रमागवाल्यावर सुताच्या बाकीचा दावा झाला, रक्कम 14 लाख. कमर्शियल दाव्याची किमान मर्यादा 2018 च्या दुरुस्तीनं 1 कोटीवरून 3 लाखांवर आलेली, त्यामुळे हा कमर्शियल. पक्षकार माझा, म्हणून टिकली निळी. मॅडमच्या टेबलावर ठेवली असती तर 30 टक्के तिकडे गेले असते. म्हटलं, 14 लाखांचा दावा, त्यात काय एवढं? साध्या दाव्यात 90 दिवस उलटले तरी खर्च भरून कैफियत घेतली जाते, या सवयीवर मी निर्धास्त. कमर्शियल दाव्यात मात्र समन्स बजावल्यापासून 120 दिवस ही शेवटची रेघ. त्यापुढे कैफियत देण्याचा हक्कच जातो, आणि सर्वोच्च न्यायालयानं त्याच वर्षी फेब्रुवारीत ते स्पष्ट केलं होतं. मी 131 व्या दिवशी कैफियत घेऊन उभा राहिलो. न्यायाधीशांनी समन्सची तारीख पाहिली, माझ्याकडे पाहिलं आणि कागद परत केला.

मॅडमचं टेबल माझ्यापासून आठ फुटांवर. संध्याकाळी त्यांना सांगितलं तेव्हा म्हणाल्या, “नुसतं विचारलं असतं तरी सांगितलं असतं. त्याचे काही टक्के लागले नसते.”

दोन वर्षांनी त्या गेल्या. पत्रात मुदत लिहिलेली नव्हती, म्हणजे भागीदारी मर्जीची. एका पानाच्या लेखी नोटिशीवर ती मोडली. खरं भांडण त्यानंतर लागलं. आम्ही वाटे मोजायचो ते ठरलेल्या फीवर, हातात आलेल्या फीवर नाही. ‘निकाल लागला की देतो’ म्हणणाऱ्या पक्षकारांची फी कागदावर कधीच वाटून झालेली होती. आता त्यातलं वसूल होईल ते कुणाचं? पत्रात त्यावर एक ओळ नव्हती. गुळाच्या अडत्याला अशी ओळ लागत नाही.

हे सगळं त्या पोरांना सांगितलं. आणणाऱ्याला काहीच देऊ नका असं माझं म्हणणं नाही. पक्षकार आणायला पेट्रोल आणि गोड बोलणं दोन्ही लागतं. पण तो वाटा दरवर्षी उतरता ठेवा आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षी शून्यावर आणा, कारण तोवर पक्षकार ऑफिसचा झालेला असतो. फाइल जाणत्या भागीदाराकडे सोपवली तर सोपवणाऱ्याचा पैसा कमी होता कामा नये, हे शब्दांत लिहा. मोजायचं ते जमा झालेल्या पैशावर. दरमहा ठरावीक उचल, वर्षअखेरीला हिशेब, आणि चार महिन्यांचा खर्च गंगाजळीत. ज्येष्ठतेनुसार पायरी पायरीनं वाटा वाढवायची पद्धत न्यूयॉर्कच्या क्रावाथ या वकिली फर्मनं कित्येक दशकं कडक पाळली आणि 2021 मध्ये सैल केली. पण जिथं पक्षकार फर्मच्या नावावर येतो तिथली ती चाल. आपल्याकडे पक्षकार माणसाच्या नावावर येतो.

‘आणणाऱ्या’च्या व्याख्येत एजंटाला घुसवू नका, हेही बजावलं. वकील नसलेल्याशी फी वाटून घ्यायला बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे.

कराचा भाग कंटाळवाणा, पण तो सोडला तर उरलेलं सगळं वाया. भागीदाराचा मेहनताना खर्च म्हणून वजा मिळवायचा तर तो किती किंवा कसा काढायचा हे भागीदारीपत्रात हवं. आर्थिक वर्ष 2024-25 पासूनची मर्यादा अशी : पुस्तकी नफ्याच्या पहिल्या 6 लाखांवर 90 टक्के किंवा 3 लाख, जास्त असेल ते, उरलेल्यावर 60 टक्के. नफा 40 लाख असेल तर 5.40 अधिक 20.40, म्हणजे 25.80 लाख. त्याहून जास्त घ्या हवं तर, पण वरच्या रकमेवर फर्मला 30 टक्के दरानं कर आहे. नफ्यातला वाटा भागीदाराच्या हातात करमुक्त. शिवाय 1 एप्रिल 2025 पासून मेहनताना आणि व्याज मिळून वर्षाला 20 हजारांच्या वर गेलं की फर्मनं 10 टक्के टीडीएस कापायचा. पोरांच्या मसुद्यात ‘मेहनताना परस्पर संमतीने ठरेल’ असं होतं. तेवढ्यावर वजावट अडते. ते वाक्य मी तिथल्या तिथं खोडलं.

शेवटचं, वाट्याचा तक्ता दरवर्षी तपासायला बाहेरचा माणूस घ्या, सीए चालेल. भागीदारांनीच एकमेकांचे आकडे लावायला बसायचं म्हणजे लग्नात मानपानाची यादी करण्यासारखं आहे.

पोरांनी सगळं टिपून घेतलं. दोन तास झाले होते, चहा दोनदा झाला होता. उठताना मुंबईहून आलेल्यानं विचारलं, “सर, मसुदा दुरुस्तीची फी?”

आकडा सांगितला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

“तूच आणलंस ना इथं?” दुसरा म्हणाला.