घरगुती चव कोणाची?

‘घरगुती चव’ हे आमच्या मसाल्यांचं नाव ज्याला त्याला आवडायचं. सासूबाईंनी साताऱ्यात घराच्या पडवीत कांदा-लसूण मसाला, भाजणी आणि मेतकूट करून विकायला घेतलं, तेव्हा कोणीतरी ते सुचवलं आणि पाकिटावर आलं. ऐकताक्षणी कळायचं, समजावून सांगावं लागायचं नाही. पुढे पुण्याच्या भीमथडी जत्रेत आमचा स्टॉल लागला. तिथे एका काकूंनी पिशवीतून अर्धं पाकीट काढून माझ्यापुढे धरलं. “ही तुमची भाजणी. चकली तेलात विरघळली हो! आणि वास बघा कसा खवट.” पाकीट पिवळं, अक्षरं लाल, नाव ‘घरगुती चव’. माल मात्र आमचा नव्हता. मागे पत्ता दुसऱ्याच जिल्ह्यातला. मी दाखवला, त्यांनी वाचलाही, तरी माझ्याकडून काही न घेता त्या पुढच्या स्टॉलवर गेल्या. मला त्यांचा राग आला नाही. पाकिटाची मागची बाजू वाचून भाजणी कोण घेतं?

वकीलबाईंकडे जाताना वाटत होतं, एक नोटीस धाडली की मिटलं. त्यांनी पहिल्यांदा विचारलं, “हे शब्द तुमचेच का असावेत?” १९९९च्या ट्रेडमार्क कायद्याचं कलम ९ सांगतं की मालाचा प्रकार, दर्जा, उपयोग किंवा उगम नुसता वर्णन करणारे शब्द सहसा कोणा एकाच्या नावावर होत नाहीत. घरी पदार्थ करणारी कुठलीही बाई ‘घरगुती’ म्हणणारच. बराच काळ वापरून असं नाव लोकांच्या मनात एकाच उत्पादकाशी जोडलं गेलं असेल तर वाट निघते. नोंदणी नसतानाही, दुसरा आपला माल आमचा म्हणून खपवतोय, असा दावा करता येतो. पण दोन्हीकडे पुरावा लागतो: तारखेची बिलं, छापलेल्या जाहिराती, विक्रीचे आकडे. सासूबाईंचा सुरुवातीचा सगळा हिशेब कॅलेंडरच्या पानांमागे होता, आणि वर्ष संपलं की ती पानं फराळाच्या डब्यात तळाशी जायची. शिवाय समोरच्याने नाव उचललंच असेल असंही नाही. पटकन सुचणारं नाव पटकन दुसऱ्यालाही सुचतं.

आम्ही नाव बदललं. (नवीन कोणतं ते इथे सांगत नाही, लेखाची जाहिरात होईल.)

आता ओळखीच्या बचत गटांतल्या बायका नाव घेऊन विचारायला येतात. दहातली निम्मी नावं अन्नपूर्णा, रुचिरा, स्वाद, आईच्या हातचं अशीच असतात. मी त्यांना विको आणि कॅम्लिन सांगते. विको म्हणजे विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनीची आद्याक्षरं. कॅम्लिन आलं ‘कॅमल इंक’मधून. दोन्ही मराठी घरांतले धंदे, आणि दोन्ही शब्द आधी कुठल्याच कोशात नव्हते. असं नाव पहिली काही वर्षं जड जातं, गिऱ्हाईक दोनदा विचारतं. पण एकदा जिभेवर बसलं की दुसऱ्या कोणाच्या पाकिटाकडे बोट दाखवत नाही. आडनावाचं म्हणाल तर, १९१०पासूनच्या बेडेकरांना ते शोभलं. आज तुमच्याच आडनावाचा दुसरा माणूस प्रामाणिकपणे स्वतःच्या नावाने धंदा करू लागला तर त्याला अडवणं अवघड, कायदा त्याला ती मुभा देतो. गावाच्या नावाचंही तसंच. आणि ‘हापूस’ किंवा ‘कोल्हापुरी चप्पल’ यांना तर भौगोलिक मानांकन आहे. ते ठरलेल्या भागातल्या उत्पादकांचं सामाईक नाव आहे, एकट्याचा ब्रँड नव्हे.

नाव पसंत पडलं की पाकीट छापायच्या आधी बौद्धिक संपदा कार्यालयाच्या संकेतस्थळावर शोधून बघा. फुकट आहे. नुसतं तेच स्पेलिंग टाकून थांबू नका. उच्चाराने जवळची नावंही तिथे शोधता येतात, आणि भांडणं बहुधा त्यांच्यावरूनच होतात. मालाचे आणि सेवांचे मिळून ४५ वर्ग आहेत. मसाले आणि पिठं ३०व्या वर्गात, लोणचं मात्र २९व्या. दोन्ही करत असाल तर दोन वर्गांचे पैसे. एकट्या व्यक्तीला किंवा उद्यम नोंदणी असलेल्या छोट्या उद्योगाला ऑनलाइन अर्जाची सरकारी फी एका वर्गाला ४,५०० रुपये आहे. एका प्रदर्शनात दोन दिवस स्टॉल लावला तरी येण्याजाण्यासकट यापेक्षा जास्त जातात. नाव आधीपासून वापरात असेल तर अर्जात ती तारीख लिहा, पण तिला प्रतिज्ञापत्र आणि पुरावे जोडावे लागतात. म्हणून पहिल्या दिवसापासूनची बिलं ठेवा, पाकिटाचा दर वेळी बदललेला नमुना तारखेसह फाइलला लावा. कार्यालयाने हरकतीचा अहवाल धाडला तर उत्तराला ३० दिवस असतात. अर्जात दिलेला ईमेल भाच्याचा असेल आणि भाचा बेंगळुरूला असेल, तर ते ३० दिवस कधी सरले हे कळतही नाही. नोंदणी हातात येईपर्यंत वर्तुळातला ‘आर’ छापू नका, तो खोटा दावा ठरतो. ‘टीएम’ चालतं.

छपाईचं मात्र नीट ऐका, कारण पैसा खरा तिथे बुडतो. छापील पाउच करायला प्रत्येक रंगाचा वेगळा सिलिंडर लागतो, आणि कारखानदार थोडे पाउच छापून देत नाही. नाव बदललं की सिलिंडर आणि गोदामातला माल दोन्ही भंगार. आमच्याकडे रिकाम्या पाउचची पोती माळ्यावर पडून होती. शेवटी त्यांत कपडे धुण्याच्या सोड्याचे पुडे बांधले. म्हणून नाव पक्कं होईपर्यंत साधा पारदर्शक पाउच आणि त्यावर स्टिकर. चौदा आकडी एफएसएसएआय नंबर, वजन, किंमत, तारीख आणि पत्ता स्टिकरवर नीट बसतं. रंग निवडायला जाताना दुकानातल्या फळीचा फोटो काढून न्या. मसाल्याच्या फळीवर लाल-पिवळं इतकं असतं की आणखी एक लाल-पिवळं पाकीट तिथे हरवतं.

लोगो करणाऱ्या मुलाला पैसे दिले म्हणजे लोगो आपला झाला, हेही गृहीत धरू नका. तो तुमचा पगारी माणूस नसेल तर हक्क लेखी लिहून घ्या, आणि त्यात मुदत घाला. कॉपीराइट कायद्यात मुदत न लिहिलेलं हस्तांतर पाच वर्षांचंच मानलं जातं. मूळ फाइलही मागून घ्या, नाहीतर पुढच्या पाकिटासाठी पुन्हा त्याच्याच दारात.

जुन्या नावाच्या गिऱ्हाइकांना नव्या नावाकडे आणायला आम्ही पाकिटावर काही काळ ‘पूर्वीचे घरगुती चव’ अशी बारीक ओळ ठेवली. वकीलबाईंना ती फारशी पसंत नव्हती, पण गणपती-दिवाळीत तिच्यामुळेच माल हलला. फोन अजूनही जुन्या नावाने येतात. मी नवं नाव सांगते आणि लगेच आमचा नंबर त्या नावाने सेव्ह करायला लावते, कारण व्हॉट्सॲपची ब्रॉडकास्ट यादी ज्यांनी तुमचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच पोचते. आणि ते सिम दुकानाच्या हिशेबात, माझ्या नावावर आहे, पोरांच्या नाही.